दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांमधील ताण व त्याची शारीरिक लक्षणे

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांमधील ताण म्हणजे दंतवैद्यकाचे शिक्षण घेत असताना अभ्यास, हस्तकौशल्य, रुग्णसेवा, परीक्षा आणि खर्च यांच्या एकत्रित दडपणामुळे विद्यार्थ्याच्या मनावर व शरीरावर येणारा भार होय. हा ताण केवळ मानसिक अस्वस्थतेच्या स्वरूपात राहत नाही. डोकेदुखी, मान व खांदे आखडणे, दात आवळणे, तोंडात व्रण येणे, छातीत धडधडणे, पित्त, निद्रानाश अशा शारीरिक लक्षणांतूनही तो व्यक्त होतो. यांपैकी अनेक लक्षणे तोंड व जबड्याशी संबंधित असतात. त्यामुळे जी लक्षणे रुग्णात ओळखण्याचे शिक्षण विद्यार्थी घेत असतो, तीच त्याच्या स्वतःच्या शरीरात आढळू शकतात. ही लक्षणे काल्पनिक नसून त्यांमागील शारीरिक बदल मोजता येतात, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवरच झालेल्या काही संशोधनांतून स्पष्ट झाले आहे.

संकल्पना

धोक्याची जाणीव होताच शरीर लढण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी सज्ज होते, ही कल्पना अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात, वेगवेगळ्या प्रकारच्या आघातांना शरीर बऱ्याच अंशी सारखाच प्रतिसाद देते, असे दाखवून दिले. पुढे त्यांनी या प्रतिसादाच्या इशारा, प्रतिकार आणि थकवा अशा तीन अवस्था वर्णन केल्या.

सर्वच ताण अपायकारक नसतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून असे मानले जाते की, मध्यम प्रमाणातील उत्तेजनामुळे काम सुधारते, तर अति उत्तेजनामुळे ते बिघडते, विशेषतः काम अवघड असेल तर. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाटणारी हुरहूर अभ्यासाला गती देते. मात्र तीच अवस्था महिनोन्‌महिने टिकून राहिली आणि शरीराला पूर्ववत होण्यास अवधी मिळाला नाही, तर तिचे दुष्परिणाम दिसू लागतात.

ताणाची कारणे

अभ्यासक्रमाची रचना

भारतात दंतवैद्यकाची पदवी बॅचलर ऑफ डेंटल सर्जरी (बीडीएस) या नावाने ओळखली जाते. तिचा प्रचलित अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. प्रवेश ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेद्वारे होतो. दंतशिक्षणाचे नियमन दंतवैद्य अधिनियम, १९४८ अन्वये स्थापन झालेली भारतीय दंत परिषद करीत आली; त्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम, २०२३ संमत करण्यात आला. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. राज्यातील आरोग्यशिक्षणासाठी नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. गोव्यात बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय आहे.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र, तर दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र व दंतसाहित्यशास्त्र हे विषय असतात. तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक व शल्यचिकित्सेच्या अभ्यासाबरोबरच प्रत्यक्ष रुग्णांवर काम सुरू होते. अंतिम वर्षी कृत्रिम दंतशास्त्र, दंतसंरक्षणशास्त्र, हिरड्यांचे विकार, मुखशल्यचिकित्सा, बालदंतवैद्यक, दंतव्यंगोपचार इत्यादी सर्व दंतविषय एकाच वेळी अभ्यासावे लागतात. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांवर पहिल्या वर्षी भाषेचा जादा भार पडतो.

हस्तकौशल्य

इतर अनेक अभ्यासक्रमांपेक्षा दंतवैद्यकात हाताच्या कामाला पहिल्या वर्षापासूनच महत्त्व असते. मेणाच्या ठोकळ्यातून दाताची हुबेहूब आकृती कोरणे, कवळीसाठी दात बसवणे, कृत्रिम डोक्यावर बसवलेल्या दातांत ठरावीक मापाची पोकळी तयार करणे ही कामे तासन्‌तास करावी लागतात. मिलिमीटरच्या अंशाएवढी चूकही डोळ्यांना दिसते आणि काम पुन्हा करावे लागते. वरच्या दातांवर काम करताना आरशातील उलट्या प्रतिमेकडे पाहून हात चालवावा लागतो. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवत आलेल्या विद्यार्थ्याला या ठिकाणी प्रथमच अपयशाचा अनुभव येऊ शकतो.

रुग्णसेवा आणि कोटा

दंतवैद्यकाचा विद्यार्थी पदवी मिळण्यापूर्वीच जागृतावस्थेतील रुग्णावर अपरिवर्तनीय स्वरूपाचे उपचार करतो. कापलेला दात पूर्ववत होत नाही. पहिले भुलीचे इंजेक्शन, पहिला दात काढणे, दंतमूळ उपचारात बारीक फाइल तुटण्याची भीती, सुई टोचून संसर्ग होण्याची धास्ती या सर्व बाबी रुग्णाच्या नजरेसमोर व शिक्षकांच्या देखरेखीखाली घडत असतात.

प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने उपचार पूर्ण करण्याची अट असते. विद्यार्थ्यांमध्ये ती ‘कोटा’ या नावाने ओळखली जाते. हा कोटा पूर्ण होणे विद्यार्थ्याच्या हाती पूर्णतः नसते. संपूर्ण कवळी तयार करण्यासाठी माप घेणे, जबड्यांचा परस्परसंबंध नोंदवणे, मेणावरील दात तोंडात बसवून पाहणे आणि कवळी देणे अशा अनेक भेटी लागतात. रुग्ण मध्येच येईनासा झाला, तर आधीचे श्रम वाया जाऊ शकतात. त्यामुळे रुग्ण शोधणे, त्याला वारंवार दूरध्वनी करणे आणि काही वेळा ओळखीच्या व्यक्तींना किंवा नातेवाइकांना बोलावणे हाही विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचा भाग बनतो.

मूल्यमापन आणि सामाजिक घटक

लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी अशा तिन्ही परीक्षा, निरनिराळ्या शिक्षकांच्या परस्परविरोधी सूचना आणि रुग्णासमोर होणारी कानउघाडणी ही ताणाची नेहमी आढळणारी कारणे आहेत. खासगी महाविद्यालयांतील शुल्क, साधनसामग्रीचा खर्च, शैक्षणिक कर्ज, घरापासून दूर राहणे, पदव्युत्तर प्रवेशाची चुरस आणि व्यवसायातील अनिश्चितता यांची त्यात भर पडते. एमबीबीएसला प्रवेश न मिळाल्याने नाइलाजाने या शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्यांमध्ये निराशेची भावना असू शकते. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे.

शरीरातील प्रक्रिया

ताणाची जाणीव झाल्यावर शरीरात दोन यंत्रणा कार्यान्वित होतात. पहिली यंत्रणा अनुकंपी चेतासंस्थेची असून ती क्षणार्धात काम करते. अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन स्रवते, नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो, तळहातांना घाम येतो आणि स्नायू ताठ होतात. बोटांना नैसर्गिकरीत्या असलेला सूक्ष्म कंप ॲड्रेनॅलिनमुळे वाढतो. ज्या कामात हात स्थिर असणे अत्यावश्यक असते, त्याच कामाच्या वेळी हात थरथरू लागतो, ही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची खास अडचण होय.

दुसरी यंत्रणा तुलनेने सावकाश चालते. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पोष ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यक अशा साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. सामान्यतः कॉर्टिसॉलची पातळी सकाळी जाग आल्यानंतर उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. दीर्घकालीन ताण व अपुरी झोप यांमुळे हे चक्र बिघडू शकते. कॉर्टिसॉल दाह व रोगप्रतिकारक प्रतिसाद दाबून धरते. हा परिणाम अल्पकाळ उपयुक्त ठरत असला, तरी तो लांबल्यास संसर्ग होण्याची शक्यता वाढते व जखमा भरून येण्यास विलंब लागतो.

शारीरिक लक्षणे

ताणाच्या शारीरिक खुणा लोकव्यवहाराला पूर्वापार परिचित आहेत. तोंडचे पाणी पळणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, छातीत धडकी भरणे आणि दात-ओठ खाणे हे मराठी वाक्प्रचार अशाच अनुभवांवर आधारलेले आहेत.

तोंड व जबडा

• दात आवळणे व घासणे : ही सवय झोपेत किंवा जागेपणी, विशेषतः एकाग्रतेने काम करताना, आढळते. विश्रांतीच्या वेळी वरचे व खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. त्यांच्यात काही मिलिमीटरचे अंतर असते. ताणाखालील व्यक्तीचे दात नकळत आवळलेले राहतात. सकाळी जबडा अवघडणे, कानशिले दुखणे, दात झिजणे, गालाच्या आतील बाजूस पांढरी रेषा उमटणे आणि जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसणे या तिच्या खुणा होत.
• जबड्याच्या सांध्याचे विकार : कानापुढे दुखणे, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येणे किंवा तोंड पुरेसे न उघडणे.
• तोंड येणे : ओठ, गाल किंवा जिभेवर लहान, गोल, वेदनादायक व्रण येतात. लहान व्रण साधारणपणे ७ ते १४ दिवसांत भरून येतात. ताण हे त्यांचे एकमेव कारण नसून लोह, जीवनसत्त्व ब-१२ किंवा फॉलिक आम्ल यांची कमतरताही त्यांस कारणीभूत असू शकते.
• तोंडाला कोरड पडणे : लाळेचा स्राव तात्पुरता कमी होतो. तोंडी परीक्षेच्या वेळी हा अनुभव विशेषत्वाने येतो.
• हिरड्यांचा तीव्र दाह : अपुरी झोप, धूम्रपान, दातांच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष आणि ताण एकत्र आल्यास क्वचित हिरड्यांच्या टोकांवर व्रण पडून रक्तस्राव, वेदना व दुर्गंधी उद्‌भवते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांमध्ये हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला होता.

डोके, मान व पाठ

कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी वाटणारी डोकेदुखी, मानेच्या मागील भागातील ताठरपणा, खांदे जड होणे आणि कंबरदुखी ही वारंवार आढळणारी लक्षणे आहेत. अर्धशिशी असलेल्या व्यक्तीत ताणामुळे तिचे झटके वाढू शकतात.

हृदय, श्वसन व पचन

छातीत धडधडणे, धाप लागल्यासारखे वाटणे, वेगाने श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येणे, आम्लपित्त, मळमळ, भूक मंदावणे किंवा सतत खावेसे वाटणे, परीक्षेच्या सकाळी वारंवार शौचास जावे लागणे आणि पोटात कळा येणे या तक्रारी आढळतात. सकाळची न्याहारी टाळून दुपारपर्यंत केवळ चहावर राहण्याच्या सवयीने त्या बळावतात.

झोप, त्वचा व इतर

झोप उशिरा लागणे, मध्यरात्री जाग येणे आणि दिवसभर थकवा जाणवणे ही लक्षणे सर्वसामान्य आहेत. मासिक पाळी अनियमित होऊ शकते. मुरुमे, इसब व तळहातांवरील खाज वाढू शकते. मात्र सतत हातमोजे वापरणे व वारंवार हात धुणे हेही हातांच्या त्वचाविकाराचे कारण असते. तीव्र ताणानंतर दोन ते तीन महिन्यांनी केस अधिक प्रमाणात गळू लागतात. त्यामुळे परीक्षा संपल्यावर सुरू झालेल्या केसगळतीचा परीक्षेशी संबंध लावला जात नाही.

आसनजन्य दुखणे व ताण यांतील फरक

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची मानदुखी वा पाठदुखी ताणामुळेच असते असे नाही. रुग्णाच्या तोंडात डोकावताना मान पुढे झुकवणे, कोपर उचलून धरणे, कमरेत वळणे आणि एकाच स्थितीत दीर्घकाळ बसणे यांमुळेही स्नायूंवर भार येतो. आसनजन्य दुखणे बहुधा कामाच्या दिवशी वाढते आणि सुट्टीत कमी होते. ताणजन्य दुखणे रुग्णकाम नसलेल्या, परंतु परीक्षा जवळ आलेल्या काळातही टिकते व त्यासोबत झोप, भूक किंवा मनःस्थिती बिघडलेली असते. प्रत्यक्षात दोन्ही कारणे अनेकदा एकत्र आढळतात. तणावग्रस्त व्यक्ती खांदे वर ओढून बसते व साधन आवश्यकतेपेक्षा घट्ट धरते. त्यामुळे आसनाचा दोष अधिक त्रासदायक ठरतो. म्हणून केवळ वेदनाशामक गोळी घेणे हा दोहोंपैकी कोणत्याही कारणावरील उपाय ठरत नाही.

संशोधन

या विषयावरील सर्वांत परिचित प्रयोग १९९८ मध्ये फिलिप मारुचा, जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या कठीण टाळूवर ३.५ मिलिमीटर व्यासाची एकसारखी छोटी जखम दोनदा करण्यात आली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दुसऱ्यांदा, टाळूच्या विरुद्ध बाजूस, सत्रातील पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरून येण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक काळ लागला. परीक्षेच्या काळात एकाही विद्यार्थ्याची जखम सुट्टीतल्याइतक्या लवकर भरली नाही. जखम भरून येण्याच्या प्रारंभिक टप्प्यात महत्त्वाचे असलेल्या इंटरल्यूकिन-१ बीटा या द्रव्याच्या निर्मितीशी संबंधित घटकही परीक्षेच्या काळात घटलेला आढळला. विद्यार्थ्यांची संख्या अल्प असली, तरी प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केलेली असल्याने हा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो.

त्यापूर्वी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जॉन जेमट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रथम वर्षाच्या ६४ दंत विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाळेतून स्रवणारे आणि श्वसनमार्गाच्या संसर्गापासून संरक्षण करणारे इम्युनोग्लोब्युलिन-ए हे प्रतिपिंड अधिक ताणाच्या काळात कमी स्रवते, असे त्यात आढळले. युरोपातील सात दंतशाळांमधील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवरील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय मानसिक त्रास आढळला.

मापन

१९८० मध्ये गार्बी, झुकर आणि सेल्बी यांनी दंतशिक्षणातील ताणाचे स्रोत नोंदवणारी प्रश्नावली तयार केली. तिची सुधारित रूपे अनेक देशांत वापरली गेली आहेत. शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांची १९८३ मधील ‘जाणवलेल्या ताणाची मोजपट्टी’ आणि नैराश्य, चिंता व ताण यांचे एकत्रित मापन करणारी २१ प्रश्नांची श्रेणीही वापरात आहे. लाळेतील कॉर्टिसॉल, नाडीचा वेग व रक्तदाब ही शारीरिक मापनाची साधने होत. प्रश्नावल्यांतून ताणाची तीव्रता समजते. रोगनिदान मात्र तज्ज्ञांच्या तपासणीनेच होते.

परिणाम

ताण दीर्घकाळ टिकल्यास भावनिक थकवा, रुग्णांविषयी अलिप्तता आणि स्वतःच्या क्षमतेविषयी अविश्वास अशी अवस्था येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा कार्यजन्य थकव्याची नोंद कामाशी निगडित घटना म्हणून केली आहे. तिला स्वतंत्र रोग मानलेले नाही. ताणाचा परिणाम रुग्णावरही होतो. झोप न झालेल्या विद्यार्थ्याचे लक्ष विचलित होते, चुका वाढतात आणि चूक झाल्याच्या अपराधभावनेतून ताण पुन्हा वाढतो. कंप थांबवण्यासाठी किंवा जागरणासाठी स्वतःच्या मनाने औषधे घेणे धोक्याचे असते. नाडीचा वेग कमी करणारी काही औषधे दमा असलेल्या व्यक्तीस अपायकारक ठरू शकतात.

प्रतिबंध व उपाय

वैयक्तिक पातळीवर

• झोपेची व जेवणाची वेळ शक्यतो निश्चित ठेवणे. रुग्णकामाच्या आदल्या रात्री जागरण टाळणे.
• काम सुरू करण्यापूर्वी सावकाश, पोटापासून श्वास घेणे. चहा-कॉफीचे प्रमाण मर्यादित ठेवणे, कारण कॅफिनमुळे हातांचा कंप वाढतो.
• पाठ सरळ, पाय जमिनीवर टेकलेले व कोपरे शरीरालगत ठेवून बसणे. दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत मान व खांदे सैल करणे.
• ओठ मिटलेले, पण दात सुटे आहेत का, हे दिवसातून अनेकदा तपासणे.
• नियमित चालणे, खेळ किंवा योगासने. मित्र, कुटुंबीय व वरिष्ठ विद्यार्थी यांच्याशी मोकळेपणाने बोलणे.

संस्थेच्या पातळीवर

ताणाची अनेक कारणे शिक्षणव्यवस्थेत असल्याने केवळ विद्यार्थ्याला विश्रांतीचे तंत्र शिकवणे अपुरे ठरते. रुग्णांचे न्याय्य वाटप करणे, उपचारांच्या निव्वळ संख्येऐवजी संपूर्ण रुग्णसेवेच्या गुणवत्तेवर मूल्यमापन करणे, शिक्षकांमध्ये निकषांची एकवाक्यता असणे, चूक रुग्णासमोर न सांगता खासगीत समजावणे, परीक्षांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे, प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शक शिक्षक नेमणे आणि गोपनीयता पाळणारी समुपदेशन सेवा उपलब्ध करणे हे उपाय सुचवले जातात. समुपदेशकाकडे गेल्याची माहिती परीक्षकांपर्यंत पोहोचेल, ही भीती मदत घेण्यातील अडथळा ठरते. म्हणून गोपनीयता विशेष महत्त्वाची असते.

वैद्यकीय सल्ल्याची आवश्यकता

प्रत्येक लक्षण ताणाच्या माथी मारणे योग्य नाही. दोन ते तीन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातील व्रण, कारणाविना वजन घटणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, हातात सतत बधिरता किंवा अशक्तपणा आणि अचानक उद्‌भवलेली तीव्र डोकेदुखी यांची तपासणी करून घेणे आवश्यक असते. थायरॉइड ग्रंथीचे विकार व रक्तक्षय यांची काही लक्षणे ताणासारखीच असतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, कशातही रस न वाटणे, वारंवार येणारे भीतीचे झटके किंवा जगणे नकोसे वाटणे अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी लागते. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.

हेही पहा

• ताणतणाव
• दंतवैद्यक
• कॉर्टिसॉल
• निद्रानाश
• हान्स सेल्ये